स्नातकाची अवस्था : कलाशाळेच्या पदवी-प्रदर्शनाचे वाचन

१

कलाशाळांच्या पदवी-प्रदर्शनांविषयी मराठीत जे लेखन होते ते स्थूलमानाने दोन प्रकारचे असते. पहिला प्रकार वृत्तांताचा. उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले, पारितोषिके कोणाला मिळाली, कोणत्या विभागाची मांडणी लक्षवेधी होती, एवढे सांगून तो थांबतो. दुसरा प्रकार समीक्षेच्या अंगाने जाऊ पाहतो. त्याची परिभाषा ठरून गेलेली आहे : अमक्याचे काम ‘आश्वासक’ आहे, तमक्याला रंगांची ‘जाण’ आहे, तिसऱ्यावर कोणा ज्येष्ठ चित्रकाराचा ‘प्रभाव’ जाणवतो. ही परिभाषा निरुपद्रवी वाटते; पण तिच्यातील काळ तपासून पाहिला तर एक विसंगती ध्यानात येते. ‘आश्वासक’ हे विशेषण समोरच्या चित्राला लावलेले दिसत असले, तरी वस्तुतः ते अद्याप न रंगवलेल्या चित्रांना उद्देशून असते. ‘प्रभाव’ हा शब्द दुसऱ्या कोणी पूर्वीच रंगवलेल्या चित्रांकडे बोट दाखवतो. भविष्य आणि भूत यांच्यामध्ये, प्रत्यक्ष भिंतीवर टांगलेली जी वस्तू आहे ती न वाचलेलीच राहते.

ही वस्तू वाचायची कशी, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. साहित्याच्या अभ्यासकाला तो परका वाटण्याचे कारण नाही. उलट साहित्याशी तुलना केली म्हणजे त्यातील पेच अधिक स्पष्ट होतो. मराठीचा पदव्युत्तर विद्यार्थी जी उत्तरपत्रिका लिहितो ती परीक्षकाखेरीज कोणी वाचत नाही. त्याच विद्यार्थ्याने कविता लिहिली तर ती महाविद्यालयाच्या वार्षिकांकात किंवा एखाद्या अनियतकालिकात प्रसिद्ध होते, आणि तिला कोणी गुण देत नाही. उत्तरपत्रिका आणि कविता या दोन वेगळ्या संहिता आहेत, त्यांचे वाचकही वेगळे आहेत. चित्रकलेच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र या दोन्ही संहिता एकाच वस्तूत सामावतात. जे चित्र परीक्षकासमोर उत्तरपत्रिका म्हणून उभे असते तेच दुसऱ्या दिवशी आईवडील, मित्र, कलादालनांचे चालक आणि रस्त्याने जाता जाता आत डोकावणारा अनोळखी प्रेक्षक यांच्यासमोर कलाकृती म्हणून उभे राहते. एकच उच्चार दोन श्रोत्यांना उद्देशून केलेला, आणि त्या दोघांनी तो ऐकण्याचे संकेत परस्परांहून सर्वस्वी भिन्न. हे दुहेरी संबोधन हेच पदवी-प्रदर्शनाचे व्यवच्छेदक लक्षण म्हणावे लागेल.

२

हे संबोधन आरंभापासून असेच होते असे मात्र नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा इतिहास पाहिला तर विद्यार्थ्यांचे काम दीर्घकाळ तिसऱ्याच कोणाला तरी उद्देशून मांडले जात होते असे दिसते. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये ही शाळा सुरू झाली, तेव्हा तिच्यापुढचे उद्दिष्ट एतद्देशीय कारागिरीला रेखाटनाच्या शिस्तीची जोड देण्याचे होते. प्राचार्य जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली १८७२ ते १८८५ या काळात, मधले खंड सोडता, शाळेच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. या प्रतिकृती लंडनला पाठवण्यात आल्या आणि साउथ केन्सिंग्टन येथील १८८५ च्या आगीत त्यांपैकी अनेक नष्ट झाल्या. विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे केलेला हा अभ्यास त्यांच्या स्वतःच्या शहरातील प्रेक्षकांनी किती पाहिला असेल, हा प्रश्नच आहे. त्याचा अभिप्रेत वाचक साम्राज्याच्या राजधानीत बसलेला होता.

कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत शाळेचे धोरण बदलले. जिवंत प्रतिमानावरून अभ्यासाला आणि भित्तिचित्रणाला प्राधान्य मिळाले. तथापि १९२४ च्या वेंब्ले येथील साम्राज्य-प्रदर्शनासाठी विद्यार्थ्यांनी सजवलेले ‘भारतीय दालन’ पुन्हा एकदा शाळेच्या वतीने दिलेली साक्षच होती. विद्यार्थी काय करू शकतो हे दाखवण्यापेक्षा, संस्था त्याच्याकडून काय करवून घेऊ शकते, हे दाखवणे हा त्यामागचा हेतू. रावबहादूर धुरंधर यांचे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे १९४० मधील आत्मकथन याच संस्थेत विद्यार्थी म्हणून शिरून शिक्षक म्हणून घालवलेल्या आयुष्याचे आहे. शाळा ही व्यक्तीच्या कलाजीवनाची संपूर्ण चौकट असू शकत होती, याचा याहून बोलका पुरावा नाही. अशा चौकटीत विद्यार्थ्याचे चित्र हे प्रथम संस्थेचे विधान असते आणि मग, जमल्यास, त्याचे स्वतःचे.

स्वातंत्र्योत्तर काळात ही चौकट सैल झाली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० मध्ये ललितकला विद्याशाखा स्थापन झाली आणि कलाशिक्षण विद्यापीठीय ज्ञानव्यवहाराचा भाग बनले. चित्रकला विभागाचे प्रमुख ना. श्री. बेंद्रे होते, पुढे के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे विचारवंत शिक्षक लाभले, आणि कलेतिहास व कलासमीक्षा यांना स्वतंत्र विभागाचे स्थान मिळाले. मुंबईतही १९८० च्या दशकात शासकीय पदविकेची जागा विद्यापीठाच्या पदवीने घेतली, आणि २०२३ मध्ये जे. जे. संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पदविका ते पदवी हा बदल केवळ प्रशासकीय नाही. पदविका कौशल्याची ग्वाही देते. पदवी देताना विद्यापीठ असे गृहीत धरते की या व्यक्तीपाशी स्वतःचे असे काही प्रतिपादन आहे. स्थिरचित्र, व्यक्तिचित्रण, निसर्गचित्रण, रचनाचित्र या ठरीव विषयांच्या जागी अंतिम वर्षात स्वतंत्र, सलग अशी चित्रमालिका अपेक्षिली जाऊ लागली, ती या गृहीतातूनच. संस्थेच्या साक्षीचे अशा रीतीने विद्यार्थ्याच्या आत्मोच्चारात रूपांतर झाले. मात्र हा आत्मोच्चार परीक्षेच्या वेळापत्रकानुसार, ठरलेल्या तारखेला, सक्तीने करावयाचा होता. आजच्या पदवी-प्रदर्शनातील ताण येथून सुरू होतो.

३

हा ताण समजून घेण्यासाठी आपल्या काव्यशास्त्रात एक उपयुक्त परिभाषा उपलब्ध आहे. काव्यनिर्मितीच्या कारणांची चर्चा करताना मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तीन अंगे सांगितली आणि तिन्ही मिळून हेतू एकच होतो, असे आग्रहाने नमूद केले. अभ्यास ही प्रतिभेच्या दारातील पायरी नव्हे, तो निर्मितीचाच घटक आहे, असा याचा अर्थ. तथापि अभ्यासाच्या अवस्थेचे अंतरंग जर कोणी उलगडून दाखवले असेल तर ते राजशेखराने. इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या आरंभीचा, आपल्या पणज्याला ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणवणारा हा ग्रंथकार ‘काव्यमीमांसे’त कवीच्या दहा अवस्था सांगतो. त्यांतील पहिल्या सहा आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

काव्यविद्या शिकण्यासाठी गुरुकुलात राहणारा तो काव्यविद्यास्नातक. मनातल्या मनात रचणारा आणि रचलेले लपवणारा तो हृदयकवी. दोष निघतील या भयाने स्वतःचे काव्य दुसऱ्याचे म्हणून वाचून दाखवणारा तो अन्यापदेशी. वाणी प्रवृत्त झाल्यावर पूर्वसूरींपैकी कोणा एकाच्या छायेचा अभ्यास करणारा तो सेविता. निर्दोष सुटे काव्य रचणारा, पण प्रबंध न बांधणारा तो घटमान. आणि एखाद्या प्रबंधप्रकारात प्रावीण्य मिळवलेला तो महाकवी.

या मांडणीतील पहिली लक्षणीय गोष्ट अशी की ‘स्नातक’ येथे आरंभी आहे. आपल्या विद्यापीठीय व्यवहारात स्नातक म्हणजे शिक्षण संपलेला. राजशेखराच्या क्रमात स्नातकापुढे अजून नऊ अवस्था उभ्या आहेत. दुसरी गोष्ट, या अवस्था गुणवत्तेच्या श्रेणी नाहीत. लपवणे, दुसऱ्याच्या नावावर खपवणे, कोणाच्या तरी छायेत राहणे या गोष्टी राजशेखर दोष म्हणून नोंदवत नाही. निर्मात्याच्या वाढीची ती नैसर्गिक स्थाने आहेत. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. घटमान आणि महाकवी यांच्यातील अंतर सौंदर्याचे नाही, प्रबंधाचे आहे. सुटे श्लोक दोघांचेही निर्दोष असू शकतात. जे साधायचे राहिलेले असते ते अनेक घटकांना एका बांधणीत धरून ठेवणे.

काव्यातील अवस्था चित्रकलेला लावणे कितपत योग्य, असा आक्षेप येथे संभवतो. तो माध्यमाच्या पातळीवर रास्तच आहे. रेषा म्हणजे शब्द नव्हे आणि चित्रमालिका म्हणजे महाकाव्य नव्हे. परंतु राजशेखराचे वर्गीकरण माध्यमाचे नसून निर्माता, त्याचा पूर्ववारसा आणि त्याचा श्रोता या तिघांतील संबंधांचे आहे, आणि हे संबंध चित्रशाळेतही तसेच वर्तत असतात.

आता आजच्या पदवी-प्रदर्शनाकडे पाहू. अंतिम वर्षाचा विद्यार्थी वयाने आणि सरावाने बहुधा सेविता आणि घटमान यांच्या सीमेवर असतो. प्रदर्शन मात्र त्याच्याकडून प्रबंध मागते : एक भिंत, एक सूत्र, एक शीर्षक, सात-आठ चित्रांची सुसंगत मालिका. परिणामी प्रबंध आतून बांधला न जाता बाहेरून जुळवला जातो. सर्व चित्रे एकाच आकाराची करणे, सर्वांना एकच करडी वा तपकिरी छटा देणे, एखादे चिन्ह (खुर्ची, पिंजरा, स्थलांतराची पेटी) प्रत्येक चित्रात पुन्हा आणणे, या युक्त्या अशा प्रदर्शनांत वारंवार आढळतात. त्यांना कृत्रिम म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. वास्तविक त्या घटमानाने प्रबंधाच्या मागणीला दिलेल्या उत्तराच्या खुणा आहेत. त्यामुळे मालिकेतील जे एखादे चित्र सूत्रात बसत नाही, जे कोपऱ्यात लावलेले असते आणि ज्याच्याविषयी विद्यार्थी स्वतः फारसे बोलत नाही, तेच पुष्कळदा अधिक काळजीपूर्वक पाहण्याजोगे ठरते. तेथे हृदयकवी नकळत बोलून गेलेला असतो.

४

‘प्रभाव’ या शब्दाचाही पुनर्विचार याच दिशेने करता येईल. दोन कृतींतील साम्याचे आनंदवर्धनाने तीन प्रकार केले : प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि तुल्यदेही माणसासारखे. आरशातील प्रतिबिंबाला स्वतःचे अस्तित्व नसते. चित्राला शरीर असते, पण ते तुच्छ. दोन सारख्या दिसणाऱ्या माणसांत मात्र आत्मा निराळा असतो. म्हणून पहिली दोन त्याज्य आणि तिसरे ग्राह्य, असा त्याचा निवाडा आहे. राजशेखराने पुढे हरणाच्या चर्चेत हे प्रकार वाढवून चौथा जोडला आणि संस्काराने पालटलेल्या अर्थाकडे अधिक उदारपणे पाहिले. काव्यातील उसनवारीचे विवेचन करताना या आचार्यांनी उपमान घ्यावे ते चित्राचे, हे चित्रकलेच्या वाचकाला सूचक वाटेल.

या विवेकाचा प्रत्यक्ष उपयोग असा. एखाद्या विद्यार्थ्याच्या कॅनव्हासवर प्रभाकर बरवे यांची आठवण करून देणारे अवकाशात तरंगणारे एकाकी आकार दिसले, म्हणजे ‘बरव्यांचा प्रभाव’ एवढे म्हणून समीक्षकाचे काम संपत नाही. साम्य कोणत्या पातळीवरचे आहे हे त्याने सांगितले पाहिजे. घड्याळ, पान, शिंपला या वस्तूच उचलल्या असतील तर ते प्रतिबिंब होय. वस्तू निराळ्या असून त्यांच्यामधील रिकाम्या जागेचा विचार तसाच चालू असेल तर ते तुल्यदेहित्व होय, आणि तो अभ्यासाचा सर्वांत फलदायी प्रकार होय. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कोरा कॅनव्हास’मध्ये बरव्यांनी निर्मितिप्रक्रियेविषयी जे चिंतन केले ते मराठी वाचकाला परिचित आहे. आकारांची नक्कल करणारा आणि ते चिंतन पुढे चालवणारा, या दोन विद्यार्थ्यांना एकाच शब्दाने निकालात काढणे हा समीक्षेचा आळस आहे.

अन्यापदेशाचे आजचे रूपही पाहण्यासारखे आहे. राजशेखराचा अन्यापदेशी स्वतःचे काव्य दुसऱ्याचे म्हणून सांगतो. आजच्या पदवी-प्रदर्शनात प्रत्येक मालिकेशेजारी एक निवेदन चिकटवलेले असते, बहुधा इंग्रजीत, आणि त्यात ओळख, स्मृती, अवकाश, देह, विस्थापन या संकल्पना ठरलेल्या क्रमाने येतात. विदर्भातून किंवा कोकणातून मराठी माध्यमात शिकून आलेल्या विद्यार्थ्याने गावच्या पडक्या वाड्याचे चित्र काढलेले असते. निवेदन मात्र परदेशी नियतकालिकांतून झिरपलेल्या वाक्यांचे असते. येथे दुसऱ्याची भाषा स्वतःची म्हणून वाचली जाते. अपदेश उलटा फिरला, पण त्यामागील दोषभय तेच राहिले. चित्र पुरेसे बोलत नाही अशी भीती विद्यार्थ्याला वाटते, आणि ती त्याच्या मनात रुजवण्यात परीक्षापद्धतीचा वाटा मोठा आहे. समीक्षकाने या निवेदनांची टवाळी करण्याऐवजी चित्र आणि निवेदन यांच्यातील फट वाचावी. ती फट हाच अनेकदा त्या चित्राचा खरा विषय असतो.

अभ्यास वाचायचा म्हणजे सवलतीने वाचायचा, असा मात्र समज होऊ नये. अशा वाचनाला उलट अधिक पुरावा लागतो. मुद्राचित्रणाच्या विभागातील उदाहरण घेऊ. आम्लात पुन्हा पुन्हा बुडवलेल्या जस्ताच्या पत्र्यावरून विद्यार्थी टप्प्याटप्प्याने ठसे काढून पाहतो. एका टप्प्यावर रेषा पुरेशी खोल नसते, दुसऱ्यावर ती हवी तशी उतरते, तिसऱ्यावर अतिरेकाने सारा भाग काळवंडतो. प्रदर्शनात भिंतीवर येतो तो शेवटचा, स्वच्छ, क्रमांक घातलेला ठसा. आधीचे ठसे खणात राहतात. पण निर्णय कोठे घेतला, कोठे थांबला, काय गमावले, हे त्या खणातल्या ठशांत लिहिलेले असते. समीक्षकाला शेवटचा ठसा पाहून उत्कृष्ट वा सामान्य म्हणता येईल. अभ्यासाविषयी काही म्हणायचे तर त्याने खण उघडायला सांगितले पाहिजे. पदवी-प्रदर्शनांनी कच्च्या वह्या आणि बाद ठसे अंतिम कामाइतक्याच मानाने मांडावेत, ही सूचना म्हणूनच केवळ शैक्षणिक नाही. या प्रकारच्या संहितेची ती अर्थाची अट आहे.

५

येथवरची चर्चा शास्त्रीय काथ्याकूट वाटण्याचा संभव आहे. पदवी-प्रदर्शन कसे वाचावे याने प्रत्यक्षात काय फरक पडतो, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर बडोद्याने २००७ मध्ये दिले आहे.

त्या वर्षी मे महिन्यात ललितकला विद्याशाखेत पदव्युत्तर परीक्षेसाठी मांडलेल्या एका विद्यार्थ्याच्या कामांवर, ती धार्मिक भावना दुखावणारी आहेत, असा आक्षेप घेत बाहेरचे लोक आवारात शिरले. पोलिसांनी विद्यार्थ्याला अटक केली. काही दिवसांनी त्याला जामीन मिळाला. निषेधादाखल विद्यार्थ्यांनी विभागाच्या संग्रहातील भारतीय शिल्प-चित्रपरंपरेतील शृंगारिक प्रतिमांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन मांडले. ते बंद करण्यास नकार देणारे प्रभारी अधिष्ठाता शिवाजी पणिक्कर यांना निलंबित करण्यात आले. ज्या विद्यार्थ्याच्या कामावरून हे घडले त्याचा निकाल पुढे अनेक वर्षे रोखून धरला गेला. या घटनेतील उपरोध भेदक आहे. त्याची उत्तरपत्रिका देशभर वाचली गेली. जिचा निर्णय तिच्यावर अवलंबून होता ती परीक्षा मात्र निकालाविना राहिली.

विद्यार्थ्याच्या समर्थनार्थ जे युक्तिवाद झाले त्यांत एक असा होता : हे सार्वजनिक प्रदर्शन नव्हतेच, ही परीक्षेसाठीची अंतर्गत मांडणी होती, म्हणून बाहेरच्यांना तिच्यावर आक्षेप घेण्याचा अधिकार नाही. विद्यापीठाच्या स्वायत्ततेच्या दृष्टीने हा युक्तिवाद महत्त्वाचा आणि योग्यही आहे. समीक्षेच्या दृष्टीने मात्र त्याची किंमत मोठी पडते. ही केवळ उत्तरपत्रिका आहे असे म्हटले की तिच्यातील प्रतिपादन आपण परीक्षकाच्या गुणपत्रिकेत बंदिस्त करतो. ही पूर्ण कलाकृती आहे असे म्हटले की अद्याप चाचपडणाऱ्या हाताकडून परिपक्व निर्मात्याच्या उत्तरदायित्वाची अपेक्षा करतो. दोन्ही पर्याय त्या कामाला त्याच्या अवस्थेपासून तोडतात.

राजशेखराने कवीला केलेले दोन उपदेश येथे आठवतात. अर्धवट रचलेले काव्य कोणाला वाचून दाखवू नये, कारण मग ते पुरे होत नाही, हा एक. नवीन काव्य एकट्या माणसासमोर वाचू नये, कारण त्याने ते आपले म्हणून सांगितले तर साक्षीदार कोठून आणणार, हा दुसरा. पहिला उपदेश प्रदर्शनाच्या विरुद्ध जातो, दुसरा प्रदर्शनाच्या बाजूने. अपूर्णाला एकांत हवा आणि नव्याला साक्षीदार हवेत. पदवी-प्रदर्शनातील काम एकाच वेळी अपूर्ण आणि नवे असते, म्हणून या दोन उपदेशांच्या कात्रीत ते कायमचे सापडलेले आहे. हाच राजशेखर, उज्जयिनीत कालिदास-भारवींची परीक्षा झाल्याचे ऐकिवात आहे असे सांगून, राजाने काव्यपरीक्षेसाठी सभा भरवावी असे सुचवतो. परीक्षा सभेत व्हावी, म्हणजे साक्षीदारांसमोर व्हावी. पण ते साक्षीदार कवी आणि जाणते असावेत, ही त्यामागची अट. सभा आणि जमाव यांतील फरक त्याला ठाऊक होता. ‘काव्यमीमांसा’ आधुनिक काळात प्रथम छापली गेली ती १९१६ मध्ये, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ म्हणून, याच बडोद्यात.

२०२२ मध्ये त्याच विद्याशाखेत विद्यार्थ्यांच्या कामांच्या छायाचित्रांवरून पुन्हा वाद उद्भवला आणि एका विद्यार्थ्याला काढून टाकण्याचा निर्णय विद्यापीठाने घेतला. येथे भिंतही उरली नव्हती. कामाभोवतीच्या वह्या, शिक्षकाशी झालेली चर्चा, बाद केलेले पर्याय या सर्वांपासून सुटे झालेले छायाचित्र हजारो अनोळखी हातांत पोहोचले. अभ्यासाची अवस्था छायाचित्रात उतरत नाही. तेथे प्रत्येक काम पूर्ण आणि अंतिम विधानासारखेच दिसते.

६

मग पदवी-प्रदर्शने बंद दाराआड व्हावीत काय? मला तसे वाटत नाही. साक्षीदाराविना झालेल्या परीक्षेत विद्यार्थी एकट्या परीक्षकाच्या अभिरुचीच्या हवाली होतो, आणि कलाशाळांच्या इतिहासात त्या अभिरुचीने कमी अन्याय केलेला नाही. दार उघडे राहिले पाहिजे. प्रश्न आहे तो आत येणाऱ्याच्या तयारीचा.

सहृदयाची व्याख्या करताना अभिनवगुप्ताने म्हटले आहे की काव्याच्या परिशीलनाच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे तो सहृदय. या व्याख्येत ‘अभ्यास’ हा शब्द वाचकाच्या बाजूला येतो, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. मम्मटाने निर्मात्याकडून जी गोष्ट मागितली तीच अभिनवगुप्त रसिकाकडून मागतो. ज्या समाजात चित्र पाहण्याचा सराव शालेय चित्रकलेच्या तासाबरोबर संपतो, तेथे पदवी-प्रदर्शनाच्या दोन्ही बाजूंना विद्यार्थीच उभे असतात. एका बाजूच्याला तेवढी आपली अवस्था मान्य असते.

समीक्षेचे काम या दोघांच्या मधले आहे. ‘आश्वासक’ म्हणून भविष्याकडे आणि ‘प्रभाव’ म्हणून भूतकाळाकडे ढकललेले चित्र तिने पुन्हा त्याच्या वर्तमानात आणून ठेवावे. हे सेवित्याचे काम आहे की घटमानाचे, साम्य प्रतिबिंबाचे आहे की तुल्यदेहाचे, प्रबंध आतून बांधला आहे की बाहेरून जुळवला आहे, हे नाव घेऊन, पुराव्यानिशी सांगावे. असे लेखन दरवर्षी, दर कलाशाळेच्या प्रदर्शनाविषयी होत राहिले असते, तर २००७ मध्ये आवारात शिरलेल्यांना ते थोपवू शकले असते असा दावा करता येणार नाही. पण त्यानंतर जेव्हा ‘हे नेमके काय होते?’ असा प्रश्न सर्वत्र विचारला गेला, तेव्हा उत्तर देण्याची भाषा आपल्यापाशी तयार असती. परीक्षा आणि कलाकृती या दोनच शब्दांत आपल्याला चाचपडावे लागले नसते. ‘अभ्यास’ हा तिसरा शब्द हाताशी असता.